भरल्या देहाची उपासमार

मूल अंगाने भरू लागले की आमच्या घरांत आनंद होतो. 'खात्यापित्या घरचे पोर' हे शब्द कानी पडले असता सुखावणार नाही अशी आई महाराष्ट्रात सापडणे कठीण. गालावर तीट लावावी, तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी आणि गावात सुदृढ बालक स्पर्धा भरली तर सर्वांत गुटगुटीत बाळास पहिले बक्षीस द्यावे, ही आमची रीत. ज्या प्रांताने १९७२ चा दुष्काळ सोसला आणि जेथे वडीलधाऱ्यांच्या तोंडी मिलोच्या भाकरीची आठवण अजून निघते, त्या प्रांताने भरल्या गालांस सुखाचे चिन्ह मानावे यात नवल ते काय? परंतु चिन्हे तीच राहतात आणि त्यांचे अर्थ मात्र पालटतात. मुलाचे अंग भरणे आणि मुलाचे पोषण होणे या दोन गोष्टींची आता फारकत झाली आहे. आणि ही फारकत सर्वांत निष्ठुरपणे झाली आहे ती गरिबांच्या घरांत. आमच्या सुशिक्षित समाजाने तिची दखल अद्याप घेतलेली नाही, म्हणूनच आज या जागेवरून हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जगापुढे एक आकडा ठेवला. ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के आणि कमी वजनाच्या मुलांचे ९.२ टक्के. म्हणजे हाडकुळ्या मुलांहून लठ्ठ मुले संख्येने अधिक, असा प्रसंग जगाच्या इतिहासात प्रथमच आला. दक्षिण आशिया आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका हे दोन प्रदेश तेवढे अपवाद. आमच्याकडे अजून उपाशी मूलच अधिक आहे, असा याचा अर्थ. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. याच वयाची लठ्ठ मुले १९९० साली भारतात सुमारे ४ लाख होती, ती २०२२ साली १ कोटी २५ लाख झाली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील मुलांत वाजवीहून अधिक वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत वाढ खुंटलेली मुले ३५.२ टक्के आणि कमी वजनाची ३६.१ टक्के आढळली; आणि हे आकडे मागील पाहणीपासून जवळजवळ जागचे हललेले नाहीत. उपासमारीचे पारडे खाली येत नाही आणि स्थौल्याचे पारडे दुपटीने जड होते, अशी ही विपरीत तुला आहे.

शहराच्या कडेचे गाव

हे श्रीमंतांचे दुखणे आहे अशी समजूत आमच्या वाचकांपैकी कित्येकांची असेल. त्यांनी एकदा हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानातील काचेच्या इमारती मागे टाकून माण, घोटावडे या वाटेने पश्चिमेकडे जावे. डोंगरांच्या कुशीतले रिहे खोरे तेथून दूर नाही. मुळशी तालुक्याचा हा भाग भाताच्या खाचरांचा आणि मुसळधार पावसाचा. आमच्यापैकी अनेकजण शनिवारी-रविवारी या बाजूस हवापालटासाठी जातात; काहींनी तेथे जमिनीचे तुकडेही घेतले आहेत. रिह्याचे नाव आम्ही घेतो ते त्या गावावर ठपका ठेवावा म्हणून नव्हे. शहराची कड आणि खेड्याची कड जेथे एकमेकींस भिडतात, अशा पुण्याभोवतीच्या कितीतरी गावांचे ते आम्ही प्रतिनिधी मानतो, इतकेच.

अशा गावांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संसाराची घडीच बदलली. कोणी जमीन विकली, कोणाची वाटण्यांत तुकडे होऊन संपली. बाप कोठे पहारेकरी, कोठे वाहनचालक. आई कचेऱ्यांतून झाडलोट करते किंवा चार घरची धुणीभांडी. बांधकामांवर मराठवाड्यातून आणि परप्रांतांतून आलेली मजूर कुटुंबे पत्र्यांच्या खोल्यांत राहतात. आणि डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. ज्यांच्या नावावर बहुधा ना शेत ना घरठाण. या साऱ्या घरांतील मूल सकाळी एकटे उठते. आई पहाटेच बाहेर पडलेली असते. स्वयंपाकास वेळ नाही म्हणून ती मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून जाते. तिचे मुलावर प्रेम कमी नाही. किंबहुना ते दहा रुपये हेच तिच्या प्रेमाचे उरलेले रूप आहे.

आता दहा रुपयांत काय येते हे पाहावे. एक अंडे येईल, पण ते उकडणार कोण? दोन केळी आली तर आली. मात्र नाक्यावरच्या दुकानात दारापाशीच माळेसारख्या टांगलेल्या चकचकीत पुड्यांपैकी दोन हमखास येतात. त्या नासत नाहीत, शिजवाव्या लागत नाहीत, त्यांना पाणी, सरपण, भांडे काही लागत नाही. जिभेला मीठ, तेल आणि साखर यांची चव लागते, पोट भरल्यासारखे वाटते, आणि तासाभराने पुन्हा भूक लागते. त्यात उष्मांक भरपूर. प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे जवळजवळ नाहीत. संध्याकाळी घरी यावे तर खोली दहा फुटांची, बाहेर रस्त्यावर वाळूच्या गाड्यांची वर्दळ, आणि काल-परवापर्यंत खेळण्याचे असलेले माळरान तारेच्या कुंपणाआड गेलेले. मग मूल खाटेवर बसून भ्रमणध्वनीच्या काचेत डोळे घालते. या मुलाचे वजन वाढले तर दोष कोणाचा? मुलाच्या जिभेचा, आईच्या अज्ञानाचा, की आम्ही सर्वांनी मिळून त्याच्याभोवती उभ्या केलेल्या परिस्थितीचा?

पुण्यानेच जगाला सांगितलेले सत्य

या प्रश्नाची एक बाजू आमच्या पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी जगाला शिकविली, हे आम्ही विसरता कामा नये. येथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास चालविला. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी वैद्यकविश्व चकित झाले. या खेड्यांत जन्मणारे बाळ सरासरी २.७ किलो वजनाचे, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे बाळ ३.५ किलोचे. आमचे बाळ सर्वच अंगांनी लहान; पण त्याच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. उणीव होती ती स्नायूंत आणि पोटातील अवयवांत. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त असे हे बाळ. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिकांनी आपले आणि आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. दोघांचा देहभार निर्देशांक नेमका सारखा, २२.३; परंतु युडकिनांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! वजनाचा काटा भारतीय देहाविषयी किती कमी सांगतो, हे त्या एका छायाचित्राने दाखविले.

या संशोधनाचा पुढचा भाग अधिक हृदयास भिडणारा आहे. या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात जीवनसत्त्व ब-१२ उणे होते. ज्या मातांत ते कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी अधिक आणि मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे आई गरोदरपणी काय खाऊ शकली आणि काय नाही, याचा हिशेब मुलाच्या देहात लिहिला जातो. उपाशी आईच्या पोटी जन्मलेले बाळ थोड्यात भागविण्याची सवय घेऊनच जगात येते. आणि मग त्याच्या पुढ्यात स्वस्त तेल-साखरेचा ढीग येऊन पडतो. भूक आणि लठ्ठपणा ही दोन शत्रुराष्ट्रे नव्हेत. त्या एकाच घरच्या जावा आहेत.

आमच्या पूर्वजांस याची कल्पना अगदीच नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार शेजारी शेजारी केला असून दोघांसही व्याधिग्रस्त मानले आहे. आम्ही मात्र कृशाची कीव करतो आणि स्थूलाची टिंगल.

टिंगलीचे औषध

ही टिंगल म्हणजे निरुपद्रवी गंमत असे ज्यांस वाटते, त्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत थोडा वेळ उभे राहावे. 'ढोल्या', 'भोपळ्या', 'जाडी' ही नावे एकदा चिकटली की मुलाचे खरे नाव हजेरीपटापुरते उरते. खो-खोच्या संघात त्याला शेवटी घेतात किंवा घेतच नाहीत. वजन करावयाचे तर साऱ्या वर्गासमोर, आणि आकडा मोठ्याने वाचून. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता तिच्या अकराव्या वर्षीच शेजाऱ्यापाजाऱ्यांस लागते. आणि हे सारे आम्ही सुशिक्षितांनीच शिकविले आहे. आमच्या चित्रपटांनी, नाटकांनी, आणि कबूल केलेच पाहिजे की आमच्या वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांनीदेखील. हिणवलेले मूल मैदान टाळते, एकटे बसते, आणि एकटेपणात खाते. टिंगलीने कोणाचेही वजन घटल्याचे उदाहरण नाही. तिने वजन वाढल्याची उदाहरणे मात्र प्रत्येक शाळेत सापडतील.

दुसरे औषध उपदेशाचे. 'कमी खा, धावायला जा, फळे खा' हे सांगण्यास पैसा लागत नाही, म्हणून ते सर्व सांगतात. अमेरिकेतील आरोग्यविषयक शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०१७ साली आणि पुन्हा २०२४ साली असे म्हटले की, सहा वर्षांवरील लठ्ठ मुलाचे वजन ताळ्यावर यावयाचे तर त्या मुलाला आणि त्याच्या कुटुंबाला वर्षभरात निदान २६ तासांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन आणि सोबत लागते. सव्वीस तास! ज्या आईची एक दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, तिने हे २६ तास आणावेत कोठून? तिला गाडीभाडे कोण देणार? धाकट्या मुलाला कोण सांभाळणार? शहरातील सुखवस्तू घर आहारतज्ज्ञाकडे जाते, मुलाला पोहण्याच्या वर्गास घालते, त्याच्यासाठी निराळा स्वयंपाक करते. मुळशीतील मोलकरणीच्या मुलाला हे काहीच नाही. आणि दोघांनाही एकच व्याधी आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, गरीब घरातील लठ्ठ मुलाचा प्रश्न हा त्या मुलाच्या संयमाचा प्रश्न नसून त्याच्या गावाच्या आणि आमच्या शहराच्या कर्तव्याचा प्रश्न आहे. ते २६ तास कुटुंबाने एकट्याने आणू नयेत. ते समाजाने आपल्यांत वाटून घ्यावेत.

वार लावण्याची जुनी रीत

ही कल्पना परकी नाही. पुण्यात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा त्याचा आठवडा सात घरे वाहून नेत. त्या रीतीत उणिवा होत्या. ती बहुधा जातीच्या कुंपणात राहिली, आणि काही घरांत ताटापेक्षा उपकारच अधिक वाढला जाई. परंतु तिचे तत्त्व थोर होते: एका घरास न पेलणारा भार सात घरांनी मिळून उचलावा. पुढे १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहायक समिती स्थापन करून ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि भोजनाची सोय संस्थेच्या रूपाने केली. त्याच तत्त्वाचे आजचे रूप कोणते, हा प्रश्न आहे.

एक रूप तर आधीच तयार आहे. शाळांतील मध्यान्ह भोजन, ज्याला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना म्हणतात, ती पहिली ते आठवीच्या मुलांस रोज एक शिजविलेले जेवण देते. पाचवीपर्यंत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, त्यापुढे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे तिचे मान आहे. कित्येक मुलांचे दिवसातील खरे जेवण हेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यास केळे, देण्यास आरंभ केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी शासनाने थांबविला आणि हवे असल्यास लोकसहभागातून ते द्यावे असे शाळांस सुचविले. ज्या राज्यात तिसरा हिस्सा मुले खुंटलेली आहेत, तेथे मुलाच्या ताटातील अंडे ही काटकसरीची जागा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि शासनाने हा निर्णय फिरवावा असा आमचा आग्रह आहे. परंतु तो फिरेपर्यंत मुलांनी थांबावयाचे काय?

याच योजनेत 'तिथी भोजन' नावाची एक तरतूद आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, बारसे अशा निमित्ताने कोणाही नागरिकाने शाळेतील मुलांस जादा पदार्थ द्यावा, अशी ती तरतूद. आमच्या वाचकांपैकी अनेक सज्जन असे दान करतातही. पण ते काय देतात? जिलेबी, बुंदीचे लाडू, केक, बिस्किटांचे पुडे आणि शीतपेयांच्या बाटल्या! दात्याचा हेतू निर्मळ. परंतु ज्या विषाशी मुलाने झगडावयाचे तेच सणाच्या नावाने त्याच्या ताटात पडते. त्याऐवजी उकडलेली अंडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे, ताक, पेरू, केळी असे काही दिले तर? पुण्यातील एखाद्या सोसायटीने किंवा कचेरीतील सहकाऱ्यांनी मिळून मुळशीतील एक शाळा पत्करावी आणि वर्षभराचे बुधवार आपले म्हणावे. हेच आजचे वार लावणे. आणि ते साऱ्या मुलांसाठी असावे. लठ्ठ मुलाला निराळे ताट आणि हाडकुळ्याला निराळे, असा भेद तेथे नको. सुदैवाने दोघांनाही तेच अन्न हितकर आहे.

गावाने करावयाचे

उरलेले काम गावाचे आहे, आणि त्यास लाखांचे अंदाजपत्रक लागत नाही. मुलांची उंची आणि वजन वर्षातून दोनदा आडोशाला मोजावे, आकडा मुलाच्या वर्गमित्रांस न कळता आईस कळावा. केवळ वजन पाहून भागणार नाही. उंची मोजल्याविना मूल खुंटलेले आहे की स्थूल, की दोन्ही, हे कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आमच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते सिद्ध केले, आणि त्या कामात पुण्यातील डॉक्टरांचा वाटा मोठा होता. ते तक्ते प्रत्येक शाळेत असावेत. ज्या थोड्या मुलांत ग्रंथींचा किंवा अन्य आजार हे कारण असते, त्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणीतरी एकाने घ्यावी. आणि बहुतेक वाढत्या मुलांत वजन घटविण्याची घाई नको. वजन स्थिर राहिले आणि उंची वाढली तरी पुष्कळ झाले, हे घरोघर सांगावे. मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे, तो नवा अपाय होय.

सांगावे कोणी? अंगणवाडीच्या ताईंनी आणि बचत गटातील बायांनी. कारण त्या रोज भेटतात, त्यांच्याकडे जाण्यास भाडे पडत नाही आणि त्यांच्यापुढे लाज वाटत नाही. गटाच्या बैठकीत अर्धा तास या विषयास दिला तर वर्षाचे २६ तास कसे भरतील हे निराळे सांगावयास नको. पण या ताईंच्या माथ्यावर आधीच नोंदींचे ओझे आहे. नवे काम द्यावयाचे तर त्याचे मानधनही द्यावे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून शाळेत थंड पिण्याच्या पाण्याची सोय, दोऱ्या, चेंडू, खो-खोचे खांब, आणि पहाटे कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी सकाळची एक वाटी उसळ यांची सोय का होऊ नये?

आणि मैदान! बालशिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. ज्या तालुक्यात जमिनीचा भाव चौरस फुटाने बोलला जातो, तेथे मुलांच्या वाट्याची जमीन सर्वांत आधी जाते. कारण ती मागण्यास मुले तहसीलदाराकडे जात नाहीत. ग्रामसभेने गावठाणातील एक तुकडा ठराव करून मुलांसाठी राखावा, आणि तेथे संध्याकाळचा एक तास मुलींचा म्हणून राखावा. हे कलम मुद्दाम घालतो. कारण मैदान मोकळे असले तरी मुली कडेलाच उभ्या राहतात.

शासनाचे दोन हात

शासनाविषयी बोलावयाचे तर त्याचा एक हात दुसऱ्या हाताने केलेले काम मोडतो असे दिसते. २०१७ साली महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांतून असले अपथ्यकर पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२० साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात यांस बंदी केली. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. हे सारे स्तुत्य. जानेवारी २०२५ मधील केंद्राच्या आर्थिक पाहणीने तर अशा अतिप्रक्रियित पदार्थांवर अधिक कर बसविण्याचा विचार व्हावा असेही सुचविले. आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, नमकीन, चॉकलेट, झटपट शेवया यांवरील वस्तू व सेवा कर १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला! फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के राहिला, एवढाच काय तो दिलासा. मध्यमवर्गाने या करकपातीचे स्वागत केले. आमच्या घरखर्चास तिने हातभार लागला हे खरेच आहे. परंतु नाक्यावरच्या पुडीस जी सवलत मिळाली ती अंड्याच्या वाट्यास का येऊ नये, हे विचारावयाचे कोणी? फाटकापासून ५० मीटर मोजण्यास टेप घेऊन कोणी अधिकारी गेला आहे काय? तोही प्रश्न विचारावा लागेल.

आरोग्य खात्याचीही गोष्ट अशीच. २०१३ साली आमच्याच पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, हे मोठे काम आहे. परंतु आरंभी ज्या तीस व्याधी तपासण्याचे ठरले, त्यांत तीव्र कुपोषण होते, लठ्ठपणा नव्हता. त्या वेळी कोणास ते सुचले नसेल. आज मात्र पथकाने मुलाच्या देहाची दोन्ही टोके पाहावीत.

हे जमते काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहराने २०१२ च्या सुमारास असाच संकल्प केला आणि आरंभ केला तो गरिबांच्या वस्त्यांपासून. शाळांत गोड पेयांऐवजी पाणी आणि दूध, परिचारिकांच्या घरभेटी, वस्तीवस्तीत खेळाची सोय, आणि अपथ्यकर खाद्यांच्या कंपन्यांचे आश्रयदातृत्व असलेल्या क्रीडासमारंभांस नकार, असा तो सर्वांगी कार्यक्रम होता. २०१२ मध्ये तेथील २१ टक्के मुले जादा वजनाची होती. २०१५ मध्ये ते प्रमाण १८.५ टक्क्यांवर आले, आणि घट गरीब वस्त्यांत विशेष दिसली. सारे श्रेय त्या एका कार्यक्रमास द्यावे असे आम्ही म्हणत नाही. पण नगरपालिकेने मुलांच्या वजनाची जबाबदारी आईबापांवर न ढकलता स्वतःच्या शिरावर घेतली, ही गोष्ट शिकण्याजोगी आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. तिसरा हिस्सा मुले कमी वजनाची असताना चार टक्क्यांची चिंता कशाला? आधी उपाशी मूल पाहा, मग लठ्ठ! आमचे उत्तर असे की, येथे निवड करावयाचीच नाही. अंडे, उसळ, पाणी, मैदान, गरोदर आईचे पोषण यांतून दोघांचाही उद्धार होतो. उलट केवळ वजन वाढविण्याच्या घाईत साखर आणि तेल ओतणारी योजना एका व्याधीतून मुलास काढून दुसरीत ढकलील. शिवाय आजचे चार टक्के हे उद्याचे चारच राहतील याची हमी कोणी दिली आहे?

मुळशी तालुक्याचे या शहरांवर जुने ऋण आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो आपली भातशेते धरणाखाली जाऊ नयेत म्हणून. सत्याग्रह हरला, शेते बुडाली आणि त्या पाण्यावर मुंबईचे दिवे पेटले. पुढे जमिनी गेल्या त्या पुण्याच्या कचेऱ्यांसाठी आणि आमच्या बंगल्यांसाठी. आम्ही या तालुक्याचे पाणी घेतले, माती घेतली, माणसांचे हात घेतले. बदल्यात त्यांच्या मुलांच्या हाती काय दिले? चकचकीत पुडी आणि एक टोपणनाव.

शाळांचे नवे वर्ष सुरू होईल तेव्हा रिहे खोऱ्यातील आणि तशाच शेकडो गावांतील मुले पुन्हा वर्गात बसतील. त्यांतले एखादे अंगाने जड असेल, मागच्या बाकावर बसेल आणि मधल्या सुट्टीत बाहेर येणार नाही. त्याला हाडकुळ्या मुलाइतकेच अन्न हवे आहे, त्याच्याहून कमी नव्हे. आणि कोणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून मैदानात बोलवावयास हवे आहे. आमच्या वाचकांपैकी प्रत्येक घराने या वर्षीचा एक वाढदिवस तेवढा एखाद्या अशा शाळेस द्यावा, आणि त्या दिवशी मिठाईचे खोके घरी ठेवून अंड्यांची आणि केळ्यांची पाटी घेऊन जावे. एवढे आमचे मागणे आहे.